निळ्या ताऱ्याचं वजन

रस्ता अर्धा ओलांडून झाला असेल-नसेल, तोच तिच्या उजव्या डोळ्यात धूळ गेली. उजवा म्हणजे नवा. मोतीबिंदू काढून आत स्वच्छ भिंग बसवल्याला जेमतेम महिना झाला होता, आणि घरी आलेल्या नाजूक पाहुण्यासारखी ती त्या डोळ्याची बडदास्त ठेवत होती. थेंब वेळच्या वेळी, ऊन लागू द्यायचं नाही, चोळायचं तर नावच नको. तिने तो अलगद मिटला आणि डाव्या, जुन्या डोळ्याने पुढचं पाऊल कुठे टाकायचं ते पाहिलं. पायाखालचे पट्टे नुकतेच रंगवल्यासारखे ताजे होते. ते पिवळे होते. म्हाताऱ्या दातांसारखे पिवळे. ती थबकली. आत्ता तर पांढरे होते की हे! तिने डावा मिटला, उजवा उघडला. पांढरे, इतके पांढरे की त्यात किंचित निळी झाक. पुन्हा डावा. पिवळे. पुन्हा उजवा. सिग्नल कधी बदलला ते तिला कळलंच नाही. "अहो आजी, डोळे कुणाला मारताय? आधी बाजूला व्हा!" एक स्कूटरवाला ओरडला, आणि मागच्या गाड्यांनी भोंग्यांचा एकच कालवा केला. ती पलीकडे पोचली, बंद दुकानाच्या दाराला टेकून उभी राहिली. छातीत धडधडत होतं, पण ते गाड्यांमुळे नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, "आता रंग जरा उजळ दिसतील बरं का." ती हसून 'हो' म्हणाली होती. उजळ दिसतील म्हणजे आजवर मळके दिसत होते, हे दुसरं टोक तिने धरूनच पाहिलं नव्हतं. आणि मळके दिसत होते ते कधीपासून?

वेधशाळेचं कार्यालय चौथ्या मजल्यावर होतं. वर गच्ची, गच्चीवर छोटा घुमट, घुमटात तिच्याएवढीच जुनी दुर्बीण. खाली गणनकक्ष, तिथे तिची खिडकीजवळची जागा. तीसेक वर्षांत टेबलं बदलली, यंत्रं बदलली, साहेब बदलले. ती खिडकी बदलली नाही. तिचं काम सांगायला सोपं आणि करायला कठीण. काही तारे आपलं तेज बदलतात. अशा ताऱ्याच्या शेजारचे दोन स्थिर तारे घ्यायचे, एक त्याच्याहून उजळ, एक मंद, आणि तो त्या दोघांच्या मध्ये नेमका कुठे बसतो ते डोळ्यांनी ठरवायचं. शाळेत मुलांना उंचीने रांगेत उभं करतात, तसंच. उजळाच्या जवळ की मंदाच्या? मध्यावर, की मध्याच्या एक दशांश अलीकडे? या एका दशांशावरून ती भल्याभल्यांशी भांडली होती, म्हणून सगळं कार्यालय पाठीमागे तिला दशांशबाई म्हणायचं, आणि ते तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचा तिला अभिमान होता. नवीन आलेले कॅमेऱ्यावर काम करत. पण तेजस्वी ताऱ्यांपुढे मोठ्या दुर्बिणीचा कॅमेरा दिपून जाई, नुसता पांढरा डाग उमटे. आणि शिवाय कॅमेरे आजचे होते, तारा कालचा, परवाचा, दहा वर्षांपूर्वीचाही हवा असेल तर दशांशबाईंच्या डोळ्यांशिवाय गत्यंतर नव्हतं. आज त्या खिडकीत बसून ती आळीपाळीने डोळे मिटत होती. समोरच्या इमारतीची भिंत, शेजाऱ्याचा चहाचा कप, यंत्राचा पडदा. प्रत्येक गोष्टीच्या दोन गोष्टी झाल्या होत्या. एक आजची आणि एक जुनी. आणि जुनी खोटी होती असं म्हणावं तर तिचं सगळं आयुष्य त्या जुनीतच झालं होतं.

"काकू, वजन पक्कं झालं!" दार ढकलून वादळ आत आलं. वादळ म्हणजे संशोधन करणारी पोरगी. दोन वर्षांपूर्वी आली तेव्हा पहिल्याच दिवशी तिच्या पिशवीने तीन जणांचे चहा सांडले, तेव्हापासूनचं ते नाव. तिचा तारा म्हणजे खरं तर दोन तारे. एक मोठा, थकलेला, तांबडा, दुसरा लहान, तापलेला, निळा, एकमेकांभोवती फिरणारे. एकट्या ताऱ्याचं वजन थेट काढायला मार्गच नसतो. जोडी असली तर ते एकमेकांना किती वेगाने फिरवतात त्यावरून काढता येतं. (हे दशांशबाईंनी लग्नानंतर नवऱ्याला समजावून सांगितलं, तेव्हा तो म्हणाला होता, "म्हणजे लग्न झाल्याशिवाय कुणाचं वजन पडत नाही म्हण की!") फिरता फिरता निळा तांबड्याच्या मागे जाई, तेवढा काळ जोडीचा उजेड कमी होई, आणि जेवढा कमी होई तेवढा निळ्याचा. तो कमीपणा गेली अकरा वर्षं दशांशबाईंनी मोजला होता. आणि त्यातूनच वादळाला तिचं नवल सापडलं होतं. जड तारा जास्त तळपतो. वजन दुप्पट, तर तेज साधारण दहापट. बहुतेक तारे हा नियम निमूटपणे पाळतात. हा निळा पाळत नव्हता. वजनाने जड, पण उजेडाने गरीब. पुढच्या महिन्यात परदेशी परिषदेत वादळ हेच सांगणार होती, आणि त्यावर तिची पुढची नोकरी ठरायची होती. "कालच्या वेगांवरून पुन्हा काढलं. वजन तेच! म्हणजे तारा खरंच विचित्र आहे, काकू. आपला तारा विचित्र आहे!" वादळाने टेबलावर थाप मारली. दशांशबाई हसली. हसता हसता तिने उजवा डोळा मिटला आणि डाव्याने पडद्याकडे पाहिलं. निळा. पिवळ्या काचेतून निळं कसं दिसेल? मंद दिसेल.

त्या दिवशी तिने काही सांगितलं नाही. घरी जाताना बसमध्ये खिडकीला डोकं टेकून ती डोळे मिटून बसली, दोन्ही. मिटल्यावर निदान दोन्ही सारखेच होते. तिच्या मनात मात्र तारा नव्हता. तारा आज आला होता. हे दुसरं चार वर्षांपासून आत बसलेलं होतं, आणि आज त्याने मान वर केली होती. तिचा नवरा कापडाच्या गिरणीत रंग जुळवण्याच्या खात्यात होता. मागच्या खेपेचा निळा आणि या खेपेचा निळा यांत केसाएवढा फरक असला तरी त्याला कळायचा. तो रंगाचा, ही उजेडाची. "आपल्या घरात अंधाराला आणि बेरंगाला दोघांनाही मज्जाव आहे," असं तो आल्यागेल्याला सांगायचा. एक दिवस कामावरून आला आणि बूट काढता काढता हसत म्हणाला, "वरच्या मजल्यावरचा गृहस्थ लिफ्टमध्ये भेटला. म्हणतो, तुमचे डोळे पिवळे दिसतायत. बघ गं." तिने त्याला दिव्याखाली उभं केलं. हनुवटी धरली, खालची पापणी ओढून पाहिली. नीट पाहिलं, जसं ती सगळंच नीट पाहायची. आणि म्हणाली, "कुठे? काही नाही. त्याला स्वतःचा चष्मा पुसायला सांग." तो म्हणाला, "तू म्हणतेस तर नाही. दशांशबाईंच्या निकालावर अपील नाही." मग पंधरा-वीस दिवस तसेच गेले. मग त्याचं जेवण सुटलं, मग खाज, मग दवाखाना; आणि तिथे दारातूनच डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, किती पिवळे झालेत हे!" यकृताचा आजार होता, पार पसरलेला. त्या एका वाक्यानंतर ती खुर्चीत बसली ती चार वर्षं बसलेलीच होती म्हणायला हरकत नाही. बाहेरून ती उठली, त्याचं सगळं शेवटचं केलं, कामाला गेली, तारे मोजले, मुलीशी बोलली. आत तो दिवा तसाच लागलेला, त्याची हनुवटी तिच्या हातात, आणि ती म्हणतेय, काही नाही.

दुसऱ्या दिवशी तिने वादळाला गच्चीवर बोलावलं. सांगायचं ते आडून आडून सांगणं तिला जमत नसे. "माझ्या डाव्या डोळ्याने बघ" असं काही सांगता येत नाही ना दुसऱ्याला, म्हणून ती म्हणाली, "तुझा तारा विचित्र नाहीये. मी आहे."

वादळाला आधी कळलंच नाही. पट्ट्यांचं, पिवळ्या झालेल्या डोळ्याचं ऐकून कळलं, तेव्हा ती कठड्याला पाठ लावून खाली बसली. "किती वर्षं?"

"ते माहीत नाही. एका दिवसात झालेलं नाही, एवढं नक्की."

"म्हणजे सगळेच आकडे..."

"पहिले बरे असतील. पुढचे पुढचे बिघडत गेले असतील."

"असतील, असतील! काकू, मी परिषदेत उभी राहून काय सांगू, असतील?" वादळाचा आवाज फाटला. "तुम्ही नसतं सांगितलं तर कुणालाही कळलं नसतं."

"म्हणून तर सांगितलं," ती म्हणाली. वादळ उठली आणि निघून गेली. दार आपटलं नाही, आणि तेच जास्त लागलं.

नंतरचे दोन दिवस वादळ फिरकली नाही. त्या दोन दिवसांत डोळ्यांच्या दवाखान्यातून फोन आला. दुसऱ्या डोळ्याची तारीख ठरवायची होती, लगेचच्या आठवड्यातली मिळत होती. "आता नको," ती एकदम म्हणाली आणि स्वतःच दचकली. "मला थोडे दिवस हा डोळा लागणार आहे." पलीकडची मुलगी गोंधळली. "लागणार आहे म्हणजे? आजी, तो तर खराब आहे ना?" "हो," ती म्हणाली, "म्हणूनच." आपण बोललो त्यातून आपल्यालाच वाट दिसते, असं कधी कधी होतं. बिघडलेलं यंत्र फेकून दिलं तर त्याने केलेल्या चुका कायमच्या चुकाच राहतात. पण यंत्र हातात असेल तर ते किती चुकतं हे मोजता येतं, आणि मोजता आलं की चूक ही चूक राहत नाही, नुसती वजाबाकी होते. दिवेलागण झाल्यावर ती घुमटात गेली. एक निळा तारा, एक तांबडा, दोन्ही स्थिर, तेज माहीत असलेले. उजव्या डोळ्याने: निळा उजळ. डाव्याने: जवळजवळ सारखे. तिला मोठ्याने हसू आलं. आपल्याच डोळ्यांची साक्ष एकमेकांविरुद्ध काढायची, उलटतपासणी घ्यायची. न्यायाधीशही आपण आणि आरोपीही. दुसऱ्या जोडीवर, तिसऱ्या जोडीवर ती फिरत राहिली, मान दुखेस्तोवर. आकाश दोन्ही संध्याकाळी स्वच्छ होतं. आणि मग तिला ते आठवलं. डावा डोळा दुर्बिणीला लावून वेध घेताना ती नेहमी एका स्थिर निळ्या ताऱ्याचाही अंदाज घ्यायची, हात बसलेला राहावा म्हणून, गायक रोज षड्ज लावतो तसा. तो तारा काही वर्षांपासून किंचित मंद होतोय अशी तिला शंका होती. एकदा साहेबांना बोललीही होती. साहेब म्हणाले होते, "स्थिर तारा मंद होत नसतो, बाई." तारा होतच नव्हता. ती होत होती. वर्षावर्षाला किती, ते त्याच्या आकड्यांत सरळ उतरलेलं होतं.

तिसऱ्या दिवशी वादळ आली ती पिशवी न आपटता. डोळे सुजलेले होते, पण हातात दोन कप चहा होता आणि दोन्ही भरलेले होते. "मी खूप वाईट बोलले," ती म्हणाली. "ते राहू दे," दशांशबाई म्हणाली, "बस. उणे करायचं आहे." मग दोघींनी मिळून अकरा वर्षं मागे नेली. डाव्या डोळ्याची आजची चूक एका टोकाला, निळ्या स्थिर ताऱ्याचा घसरता उतार मध्ये, आणि सुरुवातीचा, निर्मळ डोळा दुसऱ्या टोकाला. प्रत्येक वेधातून त्या त्या वर्षीचं पिवळेपण काढून टाकायचं. निळा तारा तांबड्याआड गेला की उजेड आधी जेवढा कमी व्हायचा त्याहून जास्त कमी होऊ लागला. निळ्याच्या पदरात त्याचा उजेड परत येऊ लागला, चोरीला गेलेलं सामान एकेक करून घरी यावं तसा. संध्याकाळी वादळाने शेवटचा आकडा काढला आणि आलेखावर ठिपका टाकला. वजनाच्या आणि तेजाच्या त्या लांबलचक रेषेवर, हजार ताऱ्यांच्या गर्दीत, तो नेमका बसला. दोघी बघत राहिल्या. "साधा निघाला," वादळ म्हणाली. आवाजात रडू होतं की हसू, सांगता येत नव्हतं. "चारचौघांसारखाच." मग थोड्या वेळाने, "काकू, पण असल्या जोडीतल्या निळ्याचं वजन आणि तेज, दोन्ही इतकं पक्कं कुणी काढलंच नाहीये. आणि डोळ्यांनी तारे मोजणारी किती म्हातारी माणसं असतील जगात! त्या सगळ्यांचे आकडे..." ती बोलायची थांबली. तिच्या चेहऱ्यावर पुन्हा वादळ जमायला लागलं होतं. "मी परिषदेत हेच सांगते. विषय बदलते. साहेब ओरडतील." "ओरडू देत," दशांशबाई म्हणाली, "त्यांना मी सांगेन, स्थिर तारा मंद होत नसतो."

वादळ गेल्यावर तिने एक गणित एकटीने केलं. ते करू नये असं तिला वाटत होतं आणि हात करत होता. चार वर्षांपूर्वीचा तो महिना. त्या उतारावर तो महिना कुठे येतो? डोळा तेव्हाही पिवळा होता; आजच्याइतका नाही, पण आजच्या निम्म्याहून जास्त. आकडा आला आणि तिला वाटलं होतं तसं काहीच झालं नाही. ओझं उतरलं नाही. आकड्याला माहीत नव्हतं की दिव्याखाली ती हनुवटी किती गरम होती. शिवाय एक विचित्र गोष्ट तिच्या ध्यानात आली. ताऱ्याचं काम संपलं होतं, जुन्या डोळ्याची गरज संपली होती, तरी दवाखान्यात फोन करायला हात उठत नव्हता. तो याच डोळ्यांना दिसला होता. त्याचा चेहरा, त्याचे शर्ट, घरातला तो उजेड, सगळं या जुन्या पिवळसर काचेतून आत आलेलं. नव्या डोळ्याने तिने त्याला कधीच पाहिलं नव्हतं. आणि पाहणारही नव्हती.

रविवारी मुलगी आली. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची, मुलांना पोहायला शिकवायची, आणि बोलायचीही तलावाच्या काठावरून बोलावं तशी, मोठ्याने. "तू दुसरा डोळा पुढे ढकललास? दवाखान्यातून मला फोन! म्हणे तुमच्या आई म्हणतात खराब डोळा लागणार आहे. काय चाललंय काय?" तिने सगळं सांगितलं, पट्टे, तारा, वादळ, पिवळेपण. मुलगी आधी गंभीर होती, मग एकदम खुदकन हसली. "अगं म्हणजे मोजे!"

"कसले मोजे?"

"बाबांचे! तू जोड्या लावून ठेवायचीस ना. एक निळा, एक काळा. बाबा तसेच घालून जायचे. रंगाच्या खात्यातला माणूस! मी म्हटलं, आईला सांगते, तर म्हणाले खबरदार. म्हणाले, तिचा डोळा म्हणजे तिची भाकरी आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत. गिरणीत सांगायचे म्हणे, आमच्याकडे हीच फॅशन आहे."

ती हसली. हसता हसता तिला तो दिसला, पाय लांब करून बसलेला, एक निळा एक काळा, आणि चेहऱ्यावर साळसूदपणा. तिने डोळ्याला पदर लावावा तसा बाहीचा काठ लावला, नव्या डोळ्याला सांभाळून. आणि मग, मुलगी हसतेय म्हणून, घर मोकळं वाटतंय म्हणून, चार वर्षांत प्रथमच तिच्या तोंडून निघालं, "मला त्याचे डोळे पिवळे दिसले नाहीत गं. मी नीट पाहिलं होतं. मी म्हटलं काही नाही."

मुलीचं हसू गळून पडलं. ती टेबलावरचा कप फिरवू लागली. "मला दिसले होते," ती म्हणाली. तिचा आवाज एवढा लहान होऊ शकतो हे आईला माहीत नव्हतं. "मी त्या आठवड्यात आले होते ना. मला दिसलं. मी बाबांना म्हटलं, तर म्हणाले, आईने दिव्याखाली बघितलंय, काही नाही. मग मला वाटलं मलाच भास झाला. तुझ्या डोळ्यांतून कधी काही सुटलंय का? मी गप्प बसले. आई, मी बोलायला हवं होतं. मी रोज म्हणते, मी बोलायला हवं होतं."

"रोज?" ती म्हणाली.

"रोज."

बाहेर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं. होता होता ती सुरू झाली आणि गेली. एकाच शहरात, एकाच माणसाच्या आजाराभोवती, दोघी चार वर्षं फिरत होत्या, आणि दोघींना वाटत होतं आपण एकट्याच. तिने मुलीचा हात धरला. तो थंड होता. "ऐक," ती म्हणाली, गणित समजावताना लागायचा तो तिचा आवाज लागला. "डॉक्टरीणबाईंनी मला तेव्हाच सांगितलं होतं. आजार कितीतरी महिन्यांचा होता. डोळे पिवळे होण्याच्या पुष्कळ आधीचा. त्या पंधरा-वीस दिवसांनी काही बदललं नसतं. समजलं? काही नाही. तुझा काडीचा दोष नाही यात."

"तुला सांगितलं होतं त्यांनी?"

"हो."

"मग तू स्वतःला का..." मुलीने वाक्य सोडून दिलं, आणि नुसतं आईकडे पाहिलं.

जे माप आत्ता तिने मुलीला लावलं होतं ते अगदी खरं होतं, दशांशापर्यंत खरं. मुलीला समजवायला म्हणून तिने त्यात काही घातलं नव्हतं. आणि एकाच घटनेला दोन मापं लावणाऱ्या माणसाला तिने आयुष्यात कधी गणनकक्षात बसू दिलं नसतं. तिने ते माप हातात घेतल्यासारखं केलं, उलटंपालटं करून पाहिलं, आणि सावकाश, अवघडून, स्वतःला लावलं. बसलं. पहिल्या झटक्यात नीट बसलं नाही, पण बसलं. तिने लांब श्वास घेतला; तो छातीच्या तळापर्यंत गेला, आणि इतक्या खाली जागा आहे हे ती विसरूनच गेली होती.

"फोन कुठे ठेवलास माझा?" तिने विचारलं. मुलीने उशीखालून काढून दिला. रविवार होता, तरी दवाखान्यात फोनवर तीच मागची मुलगी होती, तिने आवाज ओळखला. "हां आजी, बोला. लागणारा डोळा लागून झाला का?"

"झाला," ती म्हणाली. "तारीख द्या आता."

"पुढच्या शुक्रवारची आहे बघा. चालेल?"

तिने समोर पाहिलं. मुलगी नाक ओढत, दोन्ही तळव्यांनी गाल पुसत तिच्याकडे बघत होती, लहानपणी पाण्यातून बाहेर आल्यावर बघायची तशी.

"त्याच्या आधीची नाही का मिळणार?" तिने विचारलं.